मुनी, कारभारी आणि वरची खोली

६ फेब्रुवारी

वहिनी,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण आठ अंगांपैकी गुडघे सध्या रजेवर आहेत. उरलेल्या सातांवर गोड मानून घ्यावं.

तुमचं पत्र पोचलं. घरात फोन असताना तुम्ही कागद-पेन का काढलंत ते कळलं नाही, पण तक्रार नाही. फोनवर तुम्ही नुसतं 'हो हो' म्हणता आणि करत काहीच नाही. कागदावर 'हो हो' लिहायला निदान शाई लागते.

तर मुद्दा असा, की दादाचा मंगळवार-शुक्रवारचा तास मध्येच तुटतो. स्पीच थेरपीच्या मॅडम तिकडे त्यांच्या दवाखान्यात, दादा इकडे लॅपटॉपसमोर, आणि मधल्यामध्ये नेट पळून जातं. अर्धांगाच्या झटक्याने दादाचं बोलणं गेलं त्याला वर्ष उलटलं. एकेक शब्द परत आणायचं काम त्या बाई करताहेत, आणि मी बसवून दिलेल्या लॅपटॉपने त्यात खोडा घालावा, हे मला मुळीच शोभत नाही.

पण दोष लॅपटॉपचा नसणार. मी त्यात विंडोज काढून लिनक्स घातलं तेव्हा नेट सांभाळायला कोणाला ठेवायचं याचा नीट विचार केला होता. लिनक्समध्ये हे काम करणारे प्रोग्रॅम बरेच असतात. त्यांतला एक आपण नेमायचा. मी ज्याला नेमलं त्याचं कागदोपत्री नाव सिस्टमडी-नेटवर्कडी. मी त्याला मुनी म्हणतो. त्यांना चार ओळींची एक फाइल लिहून द्यायची, सूत्रासारखी. मग ते जन्मात पुन्हा तोंड उघडत नाहीत. पडद्याच्या कोपऱ्यात चिन्ह नाही, 'जोडलं', 'तुटलं' असल्या दवंड्या नाहीत. इथे वाचनालयात ज्या आठ संगणकांवर आम्ही पोथ्यांची सूची करतो, त्या आठही ठिकाणी हेच मुनी आहेत. आमच्या ग्रंथपालांना ते तिथे आहेत हे माहीतसुद्धा नाही. कर्मचारी असावा तर असा, असं ते एरवी माझ्याकडे बघून म्हणत असतात.

तेव्हा संशय वायरवर घ्या. टेबलामागची नेटची वायर काढून नवी लावा. खोचताना 'टिक' असा आवाज आला पाहिजे. टोकाची प्लॅस्टिकची जीभ मोडली असेल तर वायर दिसायला आत आणि असायला बाहेर, अशी अवस्था होते. आमच्या कार्यकारी समितीत असे दोन सभासद आहेत.

वायफायची सोय मी अडीअडचणीला म्हणून करून ठेवली आहे, पण तिच्या वाटेला जाऊ नका. लॅपटॉप टेबलावरून हलवू नका. एवढं पाळलंत तर मुनी दगा देणार नाहीत.

दादाला नमस्कार सांगा. त्याला सातही अंगं द्या, माझ्यासाठी एकही ठेवू नका.

धाकटा


१५ फेब्रुवारी

भाऊजी,

सातही अंगं पावली. गुडघ्यांना म्हणावं, तेल लावून कामावर हजर व्हा, एवढी रजा कुणाला मिळत नाही.

वायर बदलली. 'टिक' वाजलं. मी काढून परत खोचून पुन्हा वाजवून बघितलं, इतकं बरं वाटलं ते ऐकायला. आणि मंगळवारी नेट परत गेलं.

नेट जाण्याचं एवढं दुःख नाही, भाऊजी. यांचं कसं होतं ते सांगते. मॅडम एक चित्र दाखवतात, समजा छत्रीचं. हे 'छ'वर अडकतात. मान पुढे येते, डोळे मोठे होतात. मॅडमनी मला बजावलंय, अशा वेळी तुम्ही मध्ये बोलायचं नाही, थांबायचं. त्याही थांबतात. आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं की मॅडमचा चेहरा पडद्यावर तसाच राहतो, हसरा, मान जराशी कललेली. बाई थांबल्यात की नेट थांबलंय, यांना कळतच नाही. हे त्या चेहऱ्यासमोर शब्द ढकलत राहतात, ढकलत राहतात. शेवटी 'छत्री' बाहेर येते तेव्हा ऐकायला तिकडे कोणी नसतं.

मंगळवारी असं झाल्यावर यांनी लॅपटॉप मिटला आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मॅडम मनाने चांगल्या आहेत, पण त्यांनी स्पष्टच सांगितलं. त्यांच्याकडे पेशंटची रांग आहे. असंच तुटत राहिलं तर आठवड्याचे हे दोन तास दुसऱ्या कुणाला द्यावे लागतील, आणि आपल्याला महिन्यातून एकदा तिकडे जाऊन भेटावं लागेल. महिन्यातून एकदाने काय होणार? यांना मंगळवारी आलेला शब्द शुक्रवारपर्यंत टिकवतानाच किती सांभाळावं लागतं.

लॅपटॉप बहुतेक टेबलावरच असतो. अजून काय करायचं ते लिहा, आणि लवकर लिहा.

वहिनी


२२ फेब्रुवारी

वहिनी,

त्या हसऱ्या चेहऱ्याचं वाचलं आणि पत्र बाजूला ठेवून खिडकीतून बाहेर बघत बसलो. खिडकीबाहेर फक्त पार्किंग आहे. तेच बघत बसलो.

आता कामाचं. माझा धंदा जुन्या पोथ्या वाचण्याचा. लेखनिक एरवी सरळ लिहीत जातो आणि एखाद्या ठिकाणी त्याचा हात कापतो. तिथे थांबून नीट बघायचं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. तुमच्या पत्रात तो हात 'बहुतेक' या शब्दावर कापला आहे.

लॅपटॉप बहुतेक टेबलावर असतो. मग उरलेला वेळ कुठे असतो? मीच सांगतो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मिक्सरला टेकून उभा असतो, आणि त्याच्यावर एक बाई स्वेटरचा गळा कसा विणायचा ते दाखवत असते. रागावू नका. विणकामाला माझा आक्षेप नाही. तुम्ही दिलेला स्वेटर मी अजून घालतो, त्याच्या दोन बाह्यांचं लांबीबाबत एकमत नसलं तरी. पण वायर उपसून लॅपटॉप उचलला की मुनींची समाधी मोडते. वायफायसाठी त्यांच्या हाताखाली मी एक मदतनीस ठेवलाय, पण त्या दोघांचं आपसात बोलणं बेताचंच. घरात फिरायचं म्हटलं की दोघंही गोंधळतात, आणि ते सावरेपर्यंत दादाचा तास सुरू झालेला असतो. चोर सापडला की नाही?

थोडे दिवस विणकाम फोनवर बघा. दादाच्या शब्दांपुढे स्वेटरचा गळा थांबू शकतो.

धाकटा


१ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून आधी ते फाडावं असंच वाटलं. मग म्हटलं, उत्तर लिहिताना समोर असू दे, म्हणजे राग टिकेल.

विणकाम मी केव्हाच सोडलं. यांच्या उजव्या हाताचे व्यायाम करून घ्यायला माझेच दोन हात पुरत नाहीत, सुया कशाने धरू?

चोर हवाय ना तुम्हाला? मग ऐका. लॅपटॉप वर जातो. जिन्याने, आपण गाद्या-उशा ठेवतो त्या खोलीत. हे पुढे, कठडा धरून, एक पाय, मग दुसरा पाय. मी मागे, लॅपटॉप कडेवर घेऊन. दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी.

समोरच्या खोलीत हे बोलत नाहीत. तलावावरची मुलं येतात, सर कसे आहेत बघायला. दार उघडंच असतं, कोणीही येतं, बसतं. यांचा आवाज तुम्हाला मी काय सांगायचा? इतकी वर्षं पोहायला शिकवलं, गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजवायची वेळ कधी आली नाही. या काठावरून बोलले की त्या टोकाचं पोर पाण्याखालून वळायचं. त्या पोरांच्या देखत 'छ'वर अडकायचं यांना नकोय. म्हणून वरची खोली. तिथे गाद्या सगळा आवाज पिऊन टाकतात, खाली काही म्हणजे काही ऐकू येत नाही. पण तुमची वायर तिथवर पोचत नाही.

आणि हे तुम्हाला कळवायचं नाही अशी मला ताकीद होती. 'धाकट्याला नाही' म्हणाले. एवढे दोन शब्द मात्र न अडकता आले. तुमच्यासमोर जन्मभर मोठ्या आवाजातच वावरलेत ना. फोनवर बोलायला गेले तर यांना सगळं ऐकू जातं, घर केवढंसं आपलं! म्हणून हा कागद.

आता ताकीद मोडलीच आहे तर बाकीचंही सांगते. शुक्रवारचा तास पुन्हा मध्येच गेला. काल मी मॅडमच्या तासाची आठवण करून दिली तर यांनी हात आडवा फिरवला. बास. पुन्हा बसणार नाही म्हणतात.

मला काही सुचत नाहीये, भाऊजी.

वहिनी


७ मार्च

वहिनी,

विणकामाबद्दल लिहिलेलं प्रत्येक अक्षर परत घेतो. बाह्यांबद्दलचंही. त्या सारख्याच आहेत, माझे हात कमीजास्त असतील.

मी निवड केली ती तुमच्या घराकडे बघून नव्हे, माझ्या वाचनालयाकडे बघून. आमचे आठ संगणक ज्या दिवशी जिथे ठेवले तिथेच आहेत, माझ्यासारखेच. ज्याला जागचं हलायचं नाही त्याला मुनी उत्तम. पण जो लॅपटॉप वायर सोडून जिना चढतो, त्याला मुनी काय कामाचे? त्याला कारभारी पाहिजे.

कारभाऱ्याचं खरं नाव नेटवर्क-मॅनेजर. स्वभावाने बोलका. पडद्याच्या कोपऱ्यात चिन्ह लावून बसणार आणि थोड्या थोड्या वेळाने 'मी आहे हं' म्हणून सांगणार. असली माणसं मला सोसत नाहीत, हा माझा दोष. पण वायर काढली की तो आपणहून वायफाय धरतो, वायर लावली की वायरवर येतो, आणि एकदा सांगितलेला पासवर्ड विसरत नाही. दुसरे उमेदवारही मी बघितले. विक्ड नावाचा एक होता, त्याची देखभाल करणारं आता कोणी उरलं नाही. कॉनमॅन नावाचा एक आहे, अंगाने हलका, कामाला चांगला म्हणतात. पण असल्या नावाच्या गृहस्थाला तुमच्या घरी पाठवायची माझी हिंमत नाही.

सोबतच्या कागदावर मोठ्या अक्षरात आज्ञा लिहिल्या आहेत. त्या जशाच्या तशा टाइप करा. टेबलावर वायर लावून पहिली द्या, म्हणजे कारभारी येईल. कोपऱ्यात चिन्ह दिसलं की त्यावर क्लिक करून घरचं वायफाय निवडा आणि पासवर्ड द्या. मग दुसरी आज्ञा. ती मुनींना आणि त्यांच्या मदतनिसाला निरोप द्यायची. मग खुशाल वर जा.

मला काही कळलंय असं दादाला सांगू नका. एवढंच सांगा, की धाकटा म्हणतो, अडकत होतं ते नेट, आणि ती नेमणूक धाकट्याची. त्याची शिक्षा दादाने स्वतःला करून घेऊ नये. अजून एक शुक्रवार बस म्हणावं.

धाकटा


१८ मार्च

भाऊजी,

कारभारी आले. कोपऱ्यात छोट्या उघड्या पंख्यासारखं त्यांचं चिन्ह आहे. तुम्हाला सोसत नसतील, मला तर आवडले. नेट आहे की नाही हे कोणीतरी आपणहून सांगतं. या घरात सध्या आपणहून काही सांगणारं कोणी मिळालं तरी पुष्कळ झालं.

यांना तुमचा निरोप दिला. आधी लॅपटॉपकडे बघितलं. मग जिन्याकडे बोट केलं. बसले, भाऊजी. तुमच्या शब्दाखातर बसले.

आणि पुन्हा गेलं. आता तर नवीनच तऱ्हा. जातं, लगेच येतं, परत जातं. खाली वायर लावली तरी तेच. ते चिन्ह बिचारं फिरतं, थांबतं, पुन्हा फिरायला लागतं. 'म... म...' आणि गेलं. 'म...' आणि गेलं. मॅडमनी तास थांबवले. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी एकदा शेवटचं बघू म्हणाल्या, नाहीतर मग महिन्यातून एकदा या.

तुम्ही लिहिलेलं सगळं केलं. दुसरी आज्ञा तेवढी दिली नाही. मी ती टाइप करायला घेतली तर यांनी माझं मनगट धरलं. उजव्या हाताने! ज्या हाताने चमचा धरवत नाही, त्या. म्हणाले, "धाकट्याने... लावलंय." मलाही वाटलं, तुम्ही एवढ्या लांबून आलात, दोन दिवस मान मोडून बसलात, ते आपण एका बटणासरशी कसं पुसायचं? म्हणून मुनींनाही राहू दिलं. तसे ते बोलत नाहीत, त्यांचा कुणाला त्रास नाही. कारभाऱ्यांच्या शेजारी पडून राहतील.

आता कुठे बिघडलं असेल?

वहिनी


२४ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी वाचनालयात मोठ्याने हसलो, ग्रंथपालांनी वर बघितलं. मग चष्मा पुसावा लागला. पोथ्यांची धूळ फार असते इथे.

अहो, लॅपटॉपातलं वायफायचं कार्ड एक, आणि त्याच्या डोक्यावर तुम्ही दोन मालक बसवलेत. कारभारी धावत जाऊन राउटरकडून पत्ता आणतो. मुनी डोळे उघडतात, हा कोण उपटसुंभ म्हणतात, तो पत्ता पुसतात आणि आपला लावतात. कारभारी पुन्हा धावतो. वायरचीही तीच गत. दोघंही प्रामाणिक, दोघंही आपापल्या कर्तव्याला चोख, आणि दोघांच्या मध्ये दादाचा 'म' लोंबकळत. मुनी बोलत नाहीत म्हणून त्यांचा त्रास नाही असं समजू नका. घरातली गप्प माणसं किती त्रास देऊ शकतात हे तुम्ही मला शिकवायचं.

दोन्ही प्रोग्रॅम एकदम चालू ठेवायची चूक पुष्कळ लोक करतात. ते अज्ञानाने करतात. मायेने केलेली माझ्या पाहण्यात ही पहिलीच.

आता पुढचं दादाला वाचून दाखवा. ताकीद मोडल्याचं मी बघून घेतो.

दादा,

वहिनींना रागावू नकोस. जिना, गाद्या, सगळं मला माहीत आहे.

तुझ्या हाताखाली सगळा गाव पोहायला शिकला, मी सोडून. तू मला ती फळी धरून पाय मारायला लावायचास. ती मी सोडायचोच नाही, कारण ती तू दिली होतीस. तू काठावरून ओरडायचास, सगळ्या तलावाच्या देखत, "अरे सोड ती! फळी म्हणजे मी नाही!" मी सोडली नाही. परिणाम तुझ्यासमोर आहे: पन्नाशी आली तरी मी बादलीपेक्षा खोल पाण्यात उतरत नाही.

मुनी म्हणजे मी नाही, दादा. सोड ते.

आणि तू अडकतोस हे मला कळू नये म्हणून एवढा जिना चढतोस? मी दिवसभर जी पानं वाचतो त्यांतली निम्मी अक्षरं वाळवीने खाल्लेली असतात. एकेका शब्दापाशी मी दुपार काढतो. त्याचा मला पगार मिळतो. तुझ्यापाशी फुकट थांबेन.

दुसरी आज्ञा त्याच कागदावर आहे.

धाकटा


६ एप्रिल

भाऊजी,

वाचून दाखवलं. फळीपर्यंत आले तर यांचा खांदा हलायला लागला. मी घाबरलेच. मग बघते तर हसताहेत. ताकीद मोडल्याबद्दल माझ्याकडे एकदा डोळे वटारून झाले, तेवढ्यावर भागलं. दुसरी आज्ञा मी टाइप केली, शेवटचं बटण यांनी दाबलं. मुनी एक अक्षर न बोलता गेले. तुमचेच ते.

काल शुक्रवार होऊन गेला. भाऊजी, सबंध तास एकसंध. एकदाही नाही तुटला.

मधे 'फुलपाखरू' आलं आणि हे 'फ'वर अडकले. मान पुढे, डोळे मोठे. मी ओठ मिटून बसले. पडद्यावर मॅडम थांबलेल्या, तशाच हसऱ्या, मान कललेली. परत गेलं, असंच मला वाटलं. हे त्यांच्याकडे टक लावून बघत होते. आणि मॅडमनी पापणी लववली. मग कानावरची बट मागे सारली. म्हणजे नेट होतं! म्हणजे बाई खरोखरच थांबल्या होत्या, यांच्यासाठी. हे यांनाही दिसलं. यांचे खांदे खाली आले, ढकलणं थांबलं. घाई केलीच नाही. आलं फुलपाखरू, जरा चुरगळलेलं, पण आलं, आणि तिकडे ऐकायला माणूस होतं. मॅडम म्हणाल्या, मंगळवार आणि शुक्रवार तुमचेच.

शेवटची दहा मिनिटं मॅडम कधी कधी दोघा पेशंटना एकत्र बसवतात. काल एक शिंपीकाम करणारे गृहस्थ होते, यांच्यासारखेच शब्द हरवलेले. त्यांची पाळी आली आणि त्यांच्याकडचं नेट अडकलं. तोंड उघडं असतानाच त्यांचा चेहरा थांबला. पुन्हा सुरू झालं तर डोळे भरलेले, हातांनी 'नको, नको' करत खुर्ची मागे सरकवायला लागले. आपणच अडकलो असं वाटलं त्यांना. मॅडम काही बोलणार, तेवढ्यात हे पुढे वाकले.

"तू... नाही!" म्हणाले. "नेट... अडकलं. तू नाही. परत म्हण!"

मोठ्याने, भाऊजी. तो आवाज. गाद्यांचा आणि उशांचा काही उपयोग झाला नाही, त्यातून गडबडीत मी दारही उघडंच ठेवलं होतं. खाली ऐकू गेलं असणार! तशीच उठून जिन्यावर आले आणि कठड्यावरून वाकून बघितलं.

खाली समोरच्या खोलीत तलावावरच्या दोन मुली सरांची वाट बघत बसल्या होत्या. इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून लोळत असणार. आता मोबाइल बाजूला पडले होते, पाय खाली आले होते, आणि दोघी पाठ ताठ करून वर बघत होत्या.

वहिनी